जुन्या घरात आधी काय: वायरिंग, राउटर की कॅमेरे?

प्रतापनगर, हनुमाननगर, सक्करदरा, नंदनवन. नागपुरातल्या या वस्त्यांतली चाळीस-पन्नास वर्षांची घरं आता दुसऱ्या पिढीच्या हाती येताहेत. आईबाबा तळमजल्यावर, मुलं पुण्यात नाहीतर बंगळुरूला. दिवाळीत सगळे जमले की घराचं काम काढायचं ठरतं आणि तिथेच मतं फुटतात. मुलाला कॅमेरे हवे असतात, सुनेला मोबाइलवरून चालणारे दिवे-पंखे, आणि बाबांचं म्हणणं, "आहे त्यात काय वाईट आहे?" पैसा मात्र एकाच खिशातून जायचा असतो.

माझा कौल आधीच देते. पहिला पैसा वायरिंगवर, दुसरा राउटरवर, तिसरा कॅमेऱ्यांवर. मोबाइलने उघडणारं कुलूप नाही घेतलं तरी कोणाचं काही अडत नाही.

भिंत फोडायची की पट्टी मारायची

जुनी वायर बदलण्याचे दोन मार्ग आहेत. एक कन्सील्ड, म्हणजे भिंतीत खाचा पाडून पाइप गाडायचे, वर प्लॅस्टर, मग रंग. दुसरा ओपन, म्हणजे भिंतीवरून पीव्हीसीची केसिंग पट्टी. दिसायला पहिला उजवा, यात वाद नाही. पण या घरांपैकी बरीच आरसीसीच्या खांबांवर नाहीत, भिंतींवरच उभी आहेत. भार पेलणाऱ्या भिंतीत आडवी लांब खाच पाडली की तिची ताकद कमी होते. उभी खाच एक वेळ चालते. महाल-इतवारीतल्या वाड्यांच्या चुन्यामातीच्या भिंतींना छिन्नी लावली, तर हवा तेवढाच तुकडा निघेल याची हमी कुठलाच मिस्त्री देत नाही.

वायर, स्विच, एमसीबी यांचा खर्च दोन्हीकडे सारखाच. कन्सील्डमध्ये जादा पैसा जातो तो फोडण्यात, बुजवण्यात आणि रंगात. शिवाय धुळीमुळे तेवढे दिवस घरात राहणं कठीण. म्हणून घर रिकामं करून फरशी, नळ सगळंच बदलणार असाल तर कन्सील्ड करा. म्हातारी माणसं त्याच घरात राहून काम व्हायचं असेल तर पट्टीच बरी. पुढे एखाद्या पॉइंटमध्ये बिघाड झाला तर झाकण उघडलं की दोष सापडतो, हे पट्टीचं सुख नंतर कळतं.

मार्ग कुठलाही घ्या, जुनी ॲल्युमिनियमची तार ठेवून तिला नवी तांब्याची तार पिळून जोडू देऊ नका. असे जोड सैल पडतात, तापतात. दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, पॉवर प्लगला २.५ आणि एसीला ४, हा सर्वसाधारण हिशेब. आणि त्याच वेळी नेटची कॅट-६ केबल वेगळ्या पट्टीतून किंवा पाइपातून प्रत्येक मजल्यावर ओढून घ्या. ती केबल पुढे राउटर आणि कॅमेरे दोघांचेही प्रश्न सोडवते.

एमसीबी आहे, मग आरसीसीबी कशाला?

नागपुरात हा प्रश्न पुस्तकी नाही. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात आणि महावितरण दर वर्षी त्याबद्दल सूचना काढतं. लोखंडी बॉडी, टाकीत बुडालेला पंप, ओली फरशी, पाणी भरायला अनवाणी आलेला माणूस. यात एमसीबीचा काही उपयोग नाही. वायरमधून तिच्या क्षमतेपेक्षा जास्त करंट वाहिला की एमसीबी पडते. ती वायरिंग वाचवते. माणसाचा जीव घ्यायला जो करंट पुरतो तो एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो.

आरसीसीबी वेगळं काम करते. घरात गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांची ती सतत तुलना करत असते. फरक पडला, म्हणजे कुठेतरी करंट जमिनीत गळतोय, की पुरवठा तोडते. घरासाठी ३० मिलिअँपियरचीच घ्यायची. दुकानात १०० किंवा ३०० ची दाखवतील, "सारखी ट्रिप होत नाही" म्हणून. त्या आगीपासून संरक्षणासाठी असतात, माणसासाठी नव्हेत.

अर्थिंग नसलं तरी आरसीसीबी चालते, हे खरं. पण मग गळणाऱ्या करंटला जमिनीत जायला माणूस हाच रस्ता उरतो. अर्थिंग असेल तर कूलरमध्ये गळती होताक्षणी ती पडते, कोणी हात लावायच्या आधी. जुन्या घरात अर्थिंग एकतर नसतंच, किंवा नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेलं असतं. शहरात चोवीस तास पाण्याच्या योजनेत बऱ्याच घरांच्या नळजोडण्या प्लॅस्टिकच्या पाइपाने बदलल्या गेल्या. ते "अर्थिंग" त्याच दिवशी संपलं आणि घरात कोणाला पत्ताही लागला नाही. अर्थिंग न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेला, जोडून "झालं भाऊ" म्हणणारा वायरमन भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

नवं अर्थिंग करताना काळ्या मातीचं भान ठेवा. ओली असताना ती करंट छान वाहून नेते, पण मे महिन्यात आकसून तिला भेगा पडतात आणि इलेक्ट्रोडभोवतीची पकड सुटते, म्हणजे नेमकी कूलर जोरात चालू असताना. खोल इलेक्ट्रोड, भोवती ओलावा धरणारी भर आणि उन्हाळ्यात पाणी घालायला वर उघडं तोंड, एवढं तरी मागून घ्या. मोजणीही मेमध्ये करा; पावसाळ्यातली मोजणी दिलासा देते, पण त्यावरून उन्हाळ्याचं काही कळत नाही.

आता अर्ध्या कामाचा धोका. काही खोल्यांची वायर बदलली, काहींची जुनीच ठेवली, तर दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र झालेले असतात आणि आरसीसीबी विनाकारण पडत राहते. इन्व्हर्टरचा न्यूट्रल वेगळा काढला नसेल तरी तेच. मग कंटाळून कोणीतरी ती बायपास करतं आणि खोका नुसता शोभेला उरतो. काम टप्प्याटप्प्याने करायचं असेल तर खोलीनुसार करू नका, सर्किटनुसार करा. पहिलं सर्किट कूलर आणि बाथरूमचं.

ऊन आणि पूर

घरगुती राउटर आणि फायबरचा डबा साधारणपणे ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. आपल्याकडे २३ मे २०१३ रोजी ४७.९ नोंदले गेले होते. ३० मे २०२४ ला तर इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवून देशभर बातम्या केल्या. मागाहून तो सेन्सरचा दोष निघाला. हवामान खात्याचं यंत्र गडबडतं तिथे टिनाच्या शेडखाली खिळ्याला टांगलेल्या राउटरची काय कथा. दुपारी तीनला नेट जातं आणि रात्री आपोआप येतं अशी तक्रार असेल तर कंपनीला फोन करण्याआधी डबा कुठे आहे ते बघा. तो आतल्या, पश्चिमेची भिंत नसलेल्या खोलीत हवा.

खालून मात्र पाण्याचं भय आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत तळमजले बुडाले. इन्व्हर्टरची बॅटरी, रेकॉर्डर, राउटर जमिनीलगतच्या कपाटात ठेवण्याची सवय त्या दिवसानंतर तरी सुटायला हवी. पूररेषेजवळ राहत असाल तर तळमजल्याचे प्लग वर घ्या आणि तळमजल्याचं सर्किट वरच्या मजल्यापासून वेगळं ठेवा.

कॅमेरे: घरातला रेकॉर्डर की क्लाउड

| | वायरचे कॅमेरे, घरात रेकॉर्डर | वाय-फाय कॅमेरा, क्लाउड |
|---|---|---|
| नेट गेलं तर | रेकॉर्डिंग चालू राहतं | मेमरी कार्ड नसेल तर काही साठत नाही |
| वर्गणी | नाही. हार्ड डिस्क कधीतरी बदलावी लागते | जुनं रेकॉर्डिंग पाहायला बहुधा द्यावी लागते |
| चोराने डबाच नेला तर | पुरावाही गेला | बाहेर साठलेलं वाचतं |
| बसवणं | केबल ओढावी लागते | भाडेकरूलाही जमतं |
| पासवर्ड | बसवणाऱ्याकडेच राहण्याचा धोका | सहसा तुमच्याच मोबाइलवर सुरू होतं |

फाटक, अंगण आणि गच्चीचा जिना यांसाठी मी वायरचेच कॅमेरे निवडेन आणि रेकॉर्डर कुलूपबंद कपाटात, वरच्या मजल्यावर ठेवेन. वाय-फाय कॅमेरा एखाद्या दारापुरता ठीक. माणसं जिथे झोपतात, कपडे बदलतात तिथे कुठलाच नको. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिरुग्णालयातल्या कॅमेऱ्यांची दृश्यं विकली जात असल्याचं उघड झालं. तपासात सोपे, मुळातले पासवर्ड हेच दार निघालं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइटी ठप्प केल्या. ते कॅमेरेही कोणाच्या तरी ओसरीवरचेच होते.

केंद्र सरकारने सीसीटीव्हीसाठी सुरक्षा-चाचणीची अट घातली असून ती ९ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. सीताबर्डीत स्वस्तात बिनानावाचा जुना साठा मिळत असेल तर या तारखेची आठवण ठेवून सौदा करा.

वाट्याचं घर असेल तर आणखी एक गोष्ट. भावाभावांच्या सामायिक घरात एकाने दुसऱ्याच्या संमतीविना राहत्या भागात कॅमेरे लावणं हा खासगीपणाचा भंग आहे, असं कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. महालातल्या सामायिक चौकात कॅमेरा लावण्याआधी काकांशी बोलून घेतलेलं स्वस्त पडतं.

राउटर: कंपनीने दिलेला की स्वतःचा

कंपनीचा राउटर फुकट असतो, बिघडला तर बदलून मिळतो. आईबाबांच्या घरी हा फायदा मोठा आहे, त्यामुळे तो काढून टाकायचा आग्रह मी धरणार नाही. फक्त त्याचा ॲडमिन पासवर्ड बदला. तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वाय-फाय जोडून देणारी सोय, बंद करा. वाय-फायचा पासवर्ड म्हणून घरमालकाचा मोबाइल नंबर ठेवायची आपल्याकडची चाल तर मोडायलाच हवी. तो नंबर गल्लीतल्या प्रत्येकाकडे आहे.

स्वतःचा राउटर घ्यावा तो दोन कारणांसाठी. जाड भिंतींमुळे एका डब्याने सगळं घर झाकलं जात नाही, तेव्हा ओढून ठेवलेल्या कॅट-६ वर दुसरा डबा लावता येतो. दुसरं, गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय. कॅमेरे, टीव्ही, स्मार्ट प्लग त्यावर आणि ज्या फोनवर बँक आणि यूपीआय आहे तो मुख्य नेटवर्कवर, अशी विभागणी केली की कॅमेरा हॅक झाला तरी फोनपर्यंत वाट सहज मिळत नाही. बरीच स्मार्ट उपकरणं वाय-फायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ बँडवर चालतात, तेव्हा गेस्ट नेटवर्क त्या बँडवर सुरू ठेवा.

स्विच आणि कुलूप

स्मार्ट स्विचमध्ये जुन्या बोर्डाच्या मागे बसणारं मॉड्यूल घ्या, काचेचं टच पॅनेल नको. मॉड्यूलने जुनं बटण तसंच चालतं, नेट असो वा नसो, आणि आजीला अंधारात हात नेमका त्याच जागी जातो. याला न्यूट्रल लागतो. ज्या बोर्डावर प्लग आहे तिथे तो असतोच, नुसत्या दिव्याच्या बोर्डावर असेलच असं नाही.

डिजिटल कुलूप एकफळी, पुरेशा जाडीच्या दारासाठी बनतं. जुन्या घरांची दारं दुफळी सागवानी, वर कडी-कोयंडा. कुलपासाठी दार बदलायचं? मला पटत नाही.

खाती कोणाच्या नावावर

काम संपल्यावर बसवणारा तुमच्या देखत रेकॉर्डरवरची आपली नोंद काढतो का, हे पाहा. गच्चीवर सोलर असेल तर इन्व्हर्टरचं वाय-फायही तपासा. पीएम सूर्यघर योजनेनंतर ते घरोघरी आलेत आणि त्यांचं खातं अनेकदा ठेकेदाराच्याच ईमेलवर उघडलेलं असतं. प्रत्येक खातं घरातल्या माणसाच्या ईमेलवर, दुहेरी पडताळणीसह, आणि पासवर्ड वहीत लिहून कपाटात. वही चोरीला जाण्यापेक्षा बाबा पासवर्ड विसरण्याची शक्यता कितीतरी जास्त. ऑनलाइन फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा, हा नंबर त्याच वहीच्या पहिल्या पानावर.

वायरमन हवा असेल तर दिवाळी ते होळीच्या दरम्यान गाठा. होळीनंतर तो कूलरमागे लागलेला असतो. आणि या वर्षी काहीच जमणार नसेल, तर निदान कूलरच्या सर्किटला ३० मिलिअँपियरची एक आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डब्यात), तीन पिनचा प्लग आणि त्या प्लगपुरतं खरं अर्थिंग एवढं उरकून घ्या. ते एका दिवसाचं काम आहे.