गंजलेली चासी, इपॉक्सी प्रायमर आणि सांगलीचा एक पावसाळा

अण्णांचा ट्रक म्हणजे पुढे बोनेट असलेली जुनी टाटा-मर्सिडीज. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि डेमलर-बेंझचा करार १९५४ ते १९६९ होता, त्या काळातली. वर्षानुवर्षं खताची पोती वाहिली, त्यात २०१९च्या महापुरात सांगलीवाडीत पाण्यात उभी राहिली. चासीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, लांब चॅनेलवरून गंजाचे पोपडे हातानं निघत होते. मागच्या दिवाळीनंतर सगळं उतरवून चासी साफ केली, गंज रोखणारा झिंक फॉस्फेटवाला टू-पॅक (दोन डबे मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर आणि वर काळा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारला. आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा सरलाय.

पैसा आणि वेळ रंगावर नाही, साफसफाईवर घालवा. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून घासलं की गंज चकाकतो, पण खड्ड्यातला तसाच राहतो. आमच्या गाडीत पोटॅश वाहिलेलं, त्यातलं क्लोराइड खड्ड्यांत दडून बसतं आणि रंगाखालून गंज पुन्हा उठवतं. म्हणून आधी ग्रीस काढून प्रेशरच्या गोड्या पाण्यानं भरपूर धुतली, पूर्ण वाळवली, मग कुपवाड एमआयडीसीत ब्लास्टिंगला, म्हणजे हवेच्या दाबानं खर मारून गंज उडवायला, दिली. वाळू वापरू नका, कॉपर स्लॅगच (तांब्याच्या भट्टीतल्या मळीची खर) घ्या, असं मी आधीच सांगितलं होतं. वाळूच्या धुळीनं सिलिकोसिस होतो, आणि नळी धरणारा पोरगाही कुणाच्या तरी घरचा असतो.

ब्लास्ट झालेलं लोखंड करड्या रंगाचं आणि उघडं असतं. ते रात्रभर ठेवायचं नाही. नदीकाठी थंडीत दव पडतं, सकाळी पिवळी झाक आलेली दिसते. सकाळी ब्लास्ट, तीन-चार तासांच्या आत प्रायमर, असंच ठरवून घ्या. स्प्रे गन मारण्याआधी ब्रशनं सगळ्या कडा, भोकं आणि रिबीटांची डोकी रंगवून घेतली, कारण कडेवरून रंग ओढला जाऊन पातळ होतो. आज सगळ्यात चांगल्या दिसतात त्या याच कडा.

इपॉक्सी एकटा उन्हात पांढुरका पडून भुकटी सोडतो, म्हणून वर पीयू हवाच. पण पीयूच्या हार्डनरमध्ये (रंग कडक करणाऱ्या दुसऱ्या डब्यात) फुफ्फुसांना घातक आयसोसायनेट असतं. तोंडाला रुमाल बांधून तो मारायचा नाही, नीट मास्क लागतोच.

डिझेल टाकीखाली आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ रंग जसाच्या तसा आहे. आधीचं साधं इनॅमल तिथं डिझेलनं मऊ पडायचं. मागच्या चाकांसमोर खडी लागून टवके उडालेत, पण प्रायमरपर्यंतच. नेहमीच्या रेड ऑक्साइड प्रायमर आणि इनॅमलपेक्षा खर्च दुपटीहून जास्त आला, आणि मला तो पटलाय.

कमी पडलं ते एकाच जागी. चॅनेलला आतून डबल प्लेट रिबीट केलीय, त्या सांध्यातून पावसाळ्यात तांबडे ओघळ आले. दोन प्लेटींच्या मध्ये ब्लास्ट पोचतच नाही. शिवाय गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, प्लेटी हळूहळू फाकवतो. रिबीट कापून प्लेट वेगळी करणं हाच पक्का उपाय, पण सरळ असलेली चासी त्यासाठी उघडायला मन होत नाही. सध्या पातळ कॅव्हिटी वॅक्स (फटीत शिरून पाणी अडवणारं मेण) सांध्यात मुरवलंय, दर पावसाळ्याआधी पुन्हा मारणार.

ब्लास्टिंगला देण्याआधी चासी नंबरवर ग्रीस आणि जाड टेप लावा. नंतरही तिथं रंगाचा पातळच हात द्या. पासिंगला त्याचा पेन्सिलनं छाप घेतात, तो स्पष्ट उमटला पाहिजे.