बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, दवा बाजार इंदूर: लेहला जाणाऱ्यांनी घ्यावंच

लेहला निघायच्या आधी दवा बाजारातून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं साधंसं ऑक्सिमीटर घेतलं, आणि खरंच सांगते, घ्याच. आपलं इंदूर साधारण 550 मीटरवर, लेह 3500, विमानाने थेट उतरलं की शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. आमचा भाचा रोज जिमला जाणारा, तोच संध्याकाळी डोकं धरून बसला, उलटी पण झाली, आणि काकू साठीच्या पुढच्या, त्या मस्त चहा घेत गप्पा मारतायत! फिटनेसने यातून सुटका होत नाही हो, हवेत ऑक्सिजन कमी झाला की कोणाचा श्वास किती पटकन वाढतो ते ज्याचं त्याचं वेगळं, बरंचसं जन्मजात, शिवाय किती वेगाने वर गेलात आणि आधी कधी त्रास झालाय का यावर पण खूप अवलंबून.

मशीन चांगलं आहे, आकडा पटकन स्थिर होतो, फक्त उन्हात स्क्रीन फिकी दिसते. बोटं गार असली की चुकीचं कमी दाखवतं, हात चोळून मग लावा, नेलपॉलिश पण काढा. लेहला 85-90 टक्के दिसलं तर लगेच घाबरू नका, पण आकडा बरा आहे म्हणून डोकेदुखी अंगावर काढू नका, लक्षणं आधी बघायची. चालताना तोल गेला किंवा बसल्याजागी धाप लागली तर लगेच खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच. माझ्याकडून 4 स्टार.