३४ दात्यांची कॅसेट, आंबेनळीचा चढ आणि तीनशेचा ब्रेव्हे

मागचा पावसाळा संपता संपता सायकलची ११-२८ कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच; सगळ्यात लहान चक्राला ११ दाते, मोठ्याला २८) काढून ११-३४ बसवून घेतली. मागचं चक्र जितकं मोठं, तितके चढावर पाय हलके. पुढे पॅडलपाशी कॉम्पॅक्ट क्रँक, म्हणजे ५० आणि ३४ दात्यांची दोन चक्रं. तेव्हापासून ऑफिसची ये-जा, रविवारचा सिंहगड, थंडीतले दोनशे किमीचे ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, शर्यत नव्हे) आणि शेवटी ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो तीनशेचा, असं सगळं याच कॅसेटवर झालं. ग्रुपमध्ये टोमणेही भरपूर खाल्ले. 'रोड बाइकला माउंटन बाइकचा गिअर कशाला, पाय कमवा की!' असं म्हणणाऱ्यांपैकी दोघांनी नंतर गुपचूप हीच मागवली, ते असो.

आधी बसवण्याबद्दल, कारण खरी डोकेदुखी तिथेच आहे. मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा) शॉर्ट केजचा, म्हणजे आखूड दांडीचा असेल तर ३४ विसरा. शिमानोच्या १०५ आर७००० या गिअर-संचात शॉर्ट केजला जास्तीत जास्त ३० दाते चालतात, मीडियम केजला ३४. माझा मीडियम होता म्हणून तो खर्च वाचला, पण चेन आखूड पडत होती, ती नवी घ्यावी लागली. शिवाय ही कॅसेट ११ स्पीडच्या रोड हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) बसवताना आतून १.८५ मिमीची चकती लागते. दुकानात ती न घालताच कॅसेट बसवून दिली. लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी कडी) घट्ट आवळलेली, तरी हातात धरून हलवली की खुळखुळ वाजायची. दुसऱ्या मेकॅनिकने बघताक्षणी ओळखलं. त्यानेच डिरेलर कॅसेटपासून लांब ठेवणारा बी-टेन्शनचा स्क्रू आत घेतला. तोवर सगळ्यात हलक्या गिअरवर डिरेलरची वरची जॉकी व्हील (चेन जिच्यावरून फिरते ते छोटं चाक) ३४ च्या दात्यांना घासून टर्रर्र करत होती.

आता सगळ्यांना पडणारा प्रश्न: मधली काही चक्रं जातात, त्याचं काय? जुन्या कॅसेटवर ११-१२-१३-१४-१५ अशी सलग रांग होती. हिच्यावर ११-१३-१५. म्हणजे १२ आणि १४ गेले. पण पुढे ५० चं चक्र, मागे १४ चं आणि पॅडलच्या मिनिटाला ९० फेऱ्या असतील तर वेग ताशी ४० किमीच्या वर जातो. ब्रेव्हेत त्या वेगाला मी उतारावर असते आणि पॅडल मारतच नाही. सपाटीवर जिथे तासन् तास जातात ते १७, १९, २१, २३ दोन्ही कॅसेटवर तेच आहेत. रेस करणाऱ्यांना, पेलोटॉनमध्ये (शर्यतीच्या घोळक्यात) पुढच्याचं चाक धरून जाणाऱ्यांना ही उणीव नक्की बोचेल. मला नाही बोचली. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास वाढलं, तेवढं तर बाटलीतल्या दोन घोटांचं असतं.

आता आंबेनळी. मार्ग असा: पुणे, खंबाटकी, वाई, पसरणी घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाटाने खाली पोलादपूर आणि आल्या वाटेने परत. तीनशेला २० तास मिळतात, म्हणजे सरासरी ताशी १५ किमी. पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला, महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास, मध्ये साधारण ४० किमी. सरासरी काढली तर तीन-साडेतीन टक्के भरते, ऐकायला काहीच नाही. पण हा चढ येतो १६० किमी झाल्यावर, भर दुपारी, कोकणातल्या दमट हवेत. वारा नाही, घाम वाळत नाही आणि पसरणीने मांड्या आधीच सोलवटलेल्या.

हिशोब बघा. घड्याळाच्या नियमाने त्या ४० किमीला दोन तास चाळीस मिनिटं मिळतात. मला चारच्या वर लागले. सकाळपासून जमवलेली वेळेची पुंजी तिथे वितळते आणि पाय तरी शाबूत राहिले तरच पुढे भरून काढता येते. खड्या टप्प्यांत, ताशी पावणेआठ किमीला, पुढे ३४ आणि मागे जुन्या २८ वर पायांचे फेरे मिनिटाला ५० च्या आसपास यायचे, म्हणजे प्रत्येक फेरा गुडघ्याने रेटायचा. ३४ वर त्याच वेगाला ६० पडतात. वेग तोच, पण खोगिरावर बसून, श्वासाच्या तालात चढता येतं. ३० वरून ३४ वर टाकताना एक ठसठशीत उडी जाणवते. ती पाय सैल सोडून, वळण येण्याआधीच घ्यायची. ऐन चढावर जोर लावून बदललं तर चेन कुरकुरते.

वाडा कुंभरोशीला, प्रतापगडाच्या फाट्याजवळ, ताक प्यायला थांबले. टपरीवाल्या काकांनी हेल्मेट, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सगळं न्याहाळलं आणि विचारलं, "ताई, एसटी चुकली का?" वरचे वीस किमी बाकी होते. पूर्वी याच सुमारास पोटऱ्यांत गोळे यायचे. या वेळी आले नाहीत. महाबळेश्वरच्या कंट्रोलला (ब्रेव्हेच्या तपासणी-थांब्यावर) कार्डावर शिक्का घेतला, कणीस खाल्लं आणि पसरणी उतरून वाईपासून रात्रीच्या हायवेवर बऱ्यापैकी वेग धरता आला. वेळेत आले. कॅसेटने मला वेगवान केलं नाही, चढ अजिबात लवकर झाला नाही. त्या चढानंतरचे सव्वाशे किमी मात्र माणसासारखे गेले.

ज्यांचा बहुतेक सराव सपाटीवरचा आहे, वजन हलकं आहे किंवा घाट वर्षातून एकदाच करायचा आहे, त्यांनी खर्च करू नये, ११-३० पुरेल. सह्याद्रीतले ब्रेव्हे करणाऱ्यांनी मात्र आधी केज तपासा, नवी चेन धरून बजेट करा आणि चकती घातली आहे ना, हे मेकॅनिकसमोर उभं राहून बघा.

सध्या झीज मोजायच्या गेजवर चेन ०.५ दाखवतेय, बदलायला आली आहे. ३० आणि ३४ चे दाते अजून नव्यासारखे चकचकीत आहेत. झिजायला लागलेत ते १९ आणि २१.