रोजचे दोन तास की लागोपाठ दोन दिवस?

कॉलेजात शिकवता शिकवता स्वतःचं संशोधन रेटणाऱ्यांपुढे हा प्रश्न दर जूनमध्ये उभा राहतो, टाइमटेबल लागायच्या आधी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं. कागदावर हे आटोपशीर दिसतं. पण त्यात जर्नलं तपासणं, परीक्षांचं सुपरव्हिजन, कॅप (म्हणजे विद्यापीठाचे पेपर तपासणं), नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायली आणि गळ्यात पडलेली एखादी कमिटी धरली, की संशोधनाला वेळ आधीच बाजूला काढून ठेवावा लागतो. तो काढायच्या दोन रीती आहेत. रोज सकाळचे दोन तास राखायचे, किंवा शिकवणं चार दिवसांत कोंबून दोन दिवस सलग मोकळे करायचे. मी दोन्ही करून पाहिल्या आहेत. माझा विषय सूक्ष्मजीवशास्त्र, तेव्हा पुढचं सगळं त्या चष्म्यातून वाचावं.

रोजच्या दोन तासांचं पहिलं सुख म्हणजे काम डोक्यातून जात नाही. काल कुठे थांबलो होतो हे आठवायला वेळ लागत नाही. एखादी सुट्टी आली, नॅकची टीम आली, तरी दोनच तास बुडतात. वाचन, आकडेमोड, पेपर लिहिणं यांना ही रीत फार मानवते. रोज एक परिच्छेद लिहिणाऱ्यांचे पेपर आमच्यासारख्यांच्या आधी छापून येतात, असं माझं निरीक्षण आहे. शिवाय टाइमटेबलवाल्यांच्या हातापाया पडावं लागत नाही. कॉलेज गजबजायच्या आधी येऊन बसलं की झालं.

मग माझं कुठे अडलं? ऑटोक्लेव्हपाशी, म्हणजे वाफेच्या दाबानं सामान निर्जंतुक करणाऱ्या कुकरपाशी.

पुस्तकात लिहिलेलं असतं १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. ती १५ मिनिटं खरीच असतात, पण त्यांच्या आधी पाणी तापून दाबाचा काटा वर चढायचा असतो आणि नंतर तो आपल्या मर्जीनं खाली यायचा असतो. घाई करून वाफ सोडली तर फ्लास्कमधलं मीडियम (जंतूंचं खाद्य) उकळून बाहेर येतं, कापसाचे बोळे भिजतात आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून काट्याकडे बघत उभं राहायचं. काटा शून्यावर आला, फ्लास्क बाहेर काढला, तरी अगार (गार झाल्यावर थिजणारं मीडियम) लगेच प्लेटांत ओतता येत नाही. तो ४५-५० अंशांवर, म्हणजे हाताला सोसेल इतका यावा लागतो. आणि नेमका तो तिथे येतो तेव्हा लेक्चरची बेल होते. वर्गातून परत यावं तर फ्लास्कमध्ये अगार थिजलेला. तो पुन्हा वितळवून प्लेटा ओतायच्या, तोवर दुसऱ्या लेक्चरची वेळ. यात कोणाचीच चूक नसते, वैताग मात्र पुरेपूर असतो. माझ्या सकाळच्या दोन तासांत संशोधन किती झालं ते सांगता येणार नाही. काट्याकडे बघणं भरपूर झालं.

ग्रोथ कर्व्ह, म्हणजे जंतूंच्या वाढीचा आलेख, तर त्या दोन तासांत मावतच नाही. दर अर्ध्या तासानं ओडी (द्रवाच्या गढूळपणाचं माप) घ्यायची, तीही कल्चर, म्हणजे त्यात वाढणारे जंतू, स्थिरावेपर्यंत. मध्ये तासभर शिकवायला गेलात तर आलेखाचा चढच हातातून जातो, आणि लॅब अटेंडंट मामांना रीडिंग घ्यायला सांगणं त्यांच्यावर अन्याय आहे.

लागोपाठच्या दोन दिवसांत हेच काम कसं बसतं पाहा. पहिल्या दिवशी मीडियम, प्लेटा, स्प्रेडिंग (प्लेटांवर जंतू पसरणं); संध्याकाळी स्टार्टर कल्चर (उद्याच्या कल्चरचं विरजण) लावून घरी. इन्क्युबेटर रात्रभर आपलं काम करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जंतूंच्या वसाहती मोजायच्या आणि मग दिवसभर ओडीची रीडिंगं.

तोटे आहेतच. चार दिवसांत १६ तास म्हणजे रोजचे चार. दुसऱ्या दिवशीच घसा बसायला लागतो. त्या दोन दिवसांत एखादी सुट्टी आली की आठवडाच गेला. आणि मोकळे दिवस ही काही रजा नव्हे. रोज किमान पाच तास कॉलेजात हजर राहावं लागतंच, आणि दिसलात की 'सर, फक्त दोन मिनिटं' म्हणत कुणीतरी फाइल पुढे करतं. तरीही फाइल थांबू शकते, अगार थांबत नाही.

दामोदर कोसंबी मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) गणिताचे प्राध्यापक असताना राहायला पुण्यात होते. डेक्कन क्वीननं जा-ये करायचे आणि गाडीतला वेळ वाचनात घालवायचे. प्राचीन आहत (ठसे ठोकून पाडलेल्या) नाण्यांची वजनं करून त्यांना संख्याशास्त्र लावणं हा त्यांचा जोडीचा उद्योग. (आज बहुतेक वाचक त्यांना इतिहासकार म्हणूनच ओळखतात, हा भाग वेगळा.) गाडीत वाचता येतं, पण हजारो नाणी तोलायची तर तराजू मांडूनच बसावं लागतं. मला वाटतं, निवड माणसाच्या शिस्तीपेक्षा कामाच्या जातीवर ठरते. तुमचं काम गणिताचं, संगणकावरचं किंवा लिखाणाचं असेल तर सकाळचे दोन तास बहुधा पुरतील, आणि मग माझ्या नादी लागू नका. ज्या कामात काहीतरी तापवायचं, थंड करायचं, वाढवायचं असतं, तिथे मी तरी दोन दिवसच मागेन.

मागताना मात्र 'दोन दिवस' एवढंच म्हणू नका, लागोपाठचे मागा. सोमवार आणि गुरुवार सुटे मिळाले तर काटा पुन्हा तुमच्या नशिबी आहेच. मंगळवार-बुधवार उत्तम: काचेची भांडी सोमवारी धुऊन वाळलेली असतात, आणि ४८ तास ठेवायच्या प्लेटा गुरुवारी मधल्या सुट्टीत बघता येतात. सहजासहजी कोणी देणार नाही. पण शनिवारचं पहिलं लेक्चर स्टाफरूममध्ये कुणालाच नको असतं. ते मी घेतो म्हणा, मग बोलणी पुढे सरकतात.