बिनपगारी रजा, गेलेली नोकरी आणि दोन सरकारी सेवा: पीएफ व ईएसआयचं परीक्षण

२५ मार्च २०२० पासून देशांतर्गत विमानं जमिनीवर होती. २५ मे रोजी ती पुन्हा उडू लागली, तेव्हा परवानगी होती नेहमीच्या एक तृतीयांश फेऱ्यांची. तेवढ्या फेऱ्यांना लागतात त्याहून कितीतरी जास्त माणसं कंपन्यांच्या पटावर होती. २० जुलैला इंडिगोने दहा टक्के कर्मचारी कमी करत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात एअर इंडियाने सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत लांबवता येईल अशा बिनपगारी रजेची योजना आणली. ठेकेदारामार्फत बॅगा चढवणाऱ्या, केबिन साफ करणाऱ्या, काउंटरवर बसणाऱ्या अनेकांच्या हातात तर कागदही पडला नाही. ड्युटी लागली की कळवू, एवढाच निरोप.

अशा माणसाला त्या काळात आधार देऊ शकणाऱ्या दोन सेवा होत्या. एक भविष्य निर्वाह निधी संघटनेची, म्हणजे पीएफची ऑनलाइन दाव्याची सोय. दुसरी कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, म्हणजे ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, नोकरी गेल्यावर काही दिवस भत्ता देणारी. हे परीक्षण या दोन्हींचं आहे, आणि विमानतळावर काम करणाऱ्यांच्या गरजेपुरतंच आहे. नियम २०२०-२१ मध्ये होते तसे धरले आहेत, त्यांतले काही पुढे बदलले.

आधी पीएफ, कारण ती सेवा खरोखर चालली. २८ मार्च २०२० च्या अधिसूचनेने महामारीसाठी परत न करायची अग्रिम रक्कम (अ‍ॅडव्हान्स) मिळू लागली. नोकरी गेलेली असण्याची अट नव्हती आणि हीच तिची सर्वात मोठी जमेची बाजू. बिनपगारी रजेवर असलेला माणूस कागदोपत्री नोकरीतच असतो. त्याला त्या दिवसांत दुसरं कुठलंच दार उघडं नव्हतं, हे मात्र उघडं होतं. यूएएनने, म्हणजे पीएफच्या कायमच्या सदस्य क्रमांकाने लॉगिन करायचं, बँक खात्याचे शेवटचे चार अंक पडताळायचे, फॉर्म ३१ निवडून कारणात महामारी टाकायची, चेकचा फोटो जोडायचा आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा. केवायसी, म्हणजे आधार, पॅन आणि बँक खात्याची पडताळणी पूर्ण असेल तर तीन दिवसांत निकाल देण्याचं उद्दिष्ट होतं. या रकमेवर करही नव्हता.

खोट होती ती रकमेच्या मापात. खात्यातल्या शिलकीच्या ७५ टक्के किंवा तीन महिन्यांचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, यांतलं जे कमी असेल ते मिळे. विमान कंपन्यांच्या पगारात मूळ वेतनाचा वाटा लहान असतो. केबिन क्रूचा मोठा पैसा उड्डाणाच्या तासांवर आणि बाहेरगावच्या मुक्कामाच्या भत्त्यावर येतो. समजा खात्यात ३ लाख आहेत आणि मूळ वेतन १५,०००. ७५ टक्के म्हणजे २ लाख २५ हजार, तीन महिन्यांचं मूळ वेतन ४५ हजार. हातात येणार ४५ हजार. नियम साऱ्या देशासाठी एकच असणं समजू शकतं. पण उड्डाणं थांबली की ज्याचे भत्ते पहिल्याच दिवशी शून्य होतात, त्याला हे माप फार आखूड पडलं. ३१ मे २०२१ रोजी दुसऱ्यांदा अग्रिम घेण्याची मुभा मिळाली, माप मात्र तेच राहिलं.

दावे परत येण्याची कारणं ठरलेली असत. चेकवर नाव छापलेलं नाही. फोटो अस्पष्ट आहे, किंवा १०० ते ५०० केबीच्या बाहेर आहे. आधारवर एक आडनाव आणि पीएफला दुसरं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना हा फटका जास्त. २०२१ मध्ये आणखी एक कारण वाढलं. देना आणि विजया बँकेचे जुने आयएफएससी कोड १ मार्चला बंद झाले, आणि विलीन झालेल्या इतर बँकांचे कोडही बदलत गेले. जुना कोड तसाच राहिला तर मंजूर झालेली रक्कमसुद्धा खात्यात न पोचता परत जाते. म्हणून दावा टाकण्याआधी केवायसीच्या पानावर बँकेचा कोड तपासायचा, नवा टाकायचा आणि कंपनीकडून मंजूर करून घ्यायचा. कंपनीचं मनुष्यबळ खातंच रिकामं झालेलं असेल, तर ही शेवटची पायरी सर्वात जास्त वेळ खात असे.

नोकरी खरोखर गेल्यावर एक महिन्याने ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेले पैसे काढता येत. त्यासाठी नोकरी सोडल्याची तारीख नोंदलेली असावी लागते. कंपनीने ती टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कर्मचारी स्वतः टाकू शकतो. २०२० च्या जानेवारीत सुरू झालेली ही सोय फार उपयोगी आहे. पण तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्यातली आहे, त्याच महिन्यातली घ्यावी लागते. एप्रिलपासून बिनपगारी रजा आणि ऑगस्टमध्ये काढल्याचं पत्र, असं असेल तर पीएफमध्ये तारीख पडते मार्चची आणि पत्रावर ऑगस्टची. पुढे अनुभवाचा दाखला किंवा ग्रॅच्युइटीचा हिशोब करताना हा फरक आडवा येतो. शिवाय रजेवर असतानाच पैशाच्या गरजेपोटी कुणी ही तारीख टाकली आणि नंतर कंपनीने पुन्हा बोलावलं, तर नोंदींचा गुंता सोडवायला महिने जातात. रजा म्हणजे नोकरी सुटणं नव्हे. रजेच्या काळात फक्त अग्रिमच घ्यावी.

फॉर्म १०सी बद्दल थोडं सविस्तर, कारण तिथलं नुकसान भरून येत नाही. फॉर्म १९ ने पीएफ निघतो, १०सी ने पेन्शनचा हिस्सा. गरजेच्या वेळी माणूस दोन्ही भरून टाकतो. पण मूळ वेतन १५,००० च्या वर असलेल्याने पेन्शन काढून घेतली आणि दोन वर्षांनी दुसऱ्या विमान कंपनीत रुजू झाला, तर १ सप्टेंबर २०१४ पासूनच्या नियमाने तो नवा सदस्य ठरतो आणि पेन्शन योजनेत त्याला परत घेतलं जात नाही. २७ मार्च २०२२ ला नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं सुरू झाली आणि भरती वाढली, तेव्हा हे अनेकांना उशिरा कळलं. अगदीच नड नसेल तर १०सी भरू नये. सेवेची वर्षं तशीच जोडून राहू द्यावीत. सलग पाच वर्षांच्या आत पीएफ काढला आणि रक्कम ५० हजार किंवा अधिक असेल, तर पॅन जोडलेला असूनही १० टक्के कर कापला जातो. उत्पन्न करपात्र नसेल तर कर कापू नये असं सांगणारा फॉर्म १५जी जोडावा.

पीएफच्या अग्रिमेला पाचपैकी चार गुण. कापलेला एक गुण मापासाठी.

आता ईएसआय. अटल योजना १ जुलै २०१८ ची. महामारीत २४ मार्च २०२० पासून तिचा भत्ता सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के केला, आणि नोकरी गेल्यावर ९० ऐवजी ३० दिवसांनीच दावा करता येऊ लागला. भत्ता जास्तीत जास्त ९० दिवसांचा, आयुष्यात एकदाच. वेतनमर्यादा दरमहा २१,०००, त्यामुळे वैमानिक आणि बहुतेक केबिन क्रू बाहेर. लोडर, सफाई कामगार, ट्रॉली ओढणारे, काउंटरवरचे नवे कर्मचारी आत. मर्यादा ठरवताना ओव्हरटाइम धरत नाहीत, पण त्यावर वर्गणी मात्र कापतात आणि तो भत्त्याच्या हिशोबातही येतो. आपली वर्गणी ०.७५ टक्के, मालकाची ३.२५.

हिशोब असा होतो: मागच्या चार वर्गणी कालखंडांतली (प्रत्येकी सहा महिने) सगळी कमाई भागिले ७३० दिवस, त्याचे निम्मे, गुणिले ९०. महिना १८,००० मिळवणाऱ्याची दोन वर्षांची कमाई ४ लाख ३२ हजार. भत्ता सुमारे २६,६०० रुपये. त्यातले तीन महिने बिनपगारी गेले असतील तर कमाई ३ लाख ७८ हजार आणि भत्ता सुमारे २३,३००. मालकाने आधी रजेवर बसवलं आणि मग काढलं, तर प्रत्येक रजेचा महिना भत्त्यातूनच वजा होतो.

याहून मोठी अडचण ७८ दिवसांची. दोन वर्षांची विमायोग्य, म्हणजे ईएसआय लागू असलेली नोकरी हवी, आणि नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या वर्गणी कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. आधीच्या तीनपैकी एका कालखंडातही तेवढीच. कालखंड दोन: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. जुलै २०२० मध्ये ज्याला काढलं, त्याचा आधीचा कालखंड ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे लॉकडाऊनपूर्वीच्या भरल्या ड्युट्यांचा. तो पात्र. त्याच्याच पाळीतल्या माणसाला एप्रिलपासून रजेवर ठेवून नोव्हेंबरमध्ये काढलं, तर त्याचा आधीचा कालखंड एप्रिल ते सप्टेंबर, आणि त्यात वर्गणीचे दिवस शून्य. तो अपात्र. ज्याने जास्त महिने विनापगार वाट पाहिली, त्यालाच काही मिळालं नाही. महामारीसाठी अटी सैल करताना हे लक्षात यायला हवं होतं. विमान वाहतुकीत नोकरी एका तारखेला जात नव्हती, ती महिनोन्‌महिने झिरपत जात होती.

दाव्याची पद्धतही सुरुवातीला जाचक होती. ऑनलाइन अर्ज भरून त्याची छापील प्रत, प्रतिज्ञापत्र, आधार आणि बँकेचे कागद शाखा कार्यालयात द्यायचे होते. मुंबईत जून २०२० पासून लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी होती. विमानतळाचा पास जमा केलेल्या कल्याण-नालासोपाऱ्याच्या माणसाला नोटरी आणि कार्यालय या दोन फेऱ्या बसने करणं सोपं नव्हतं. नोव्हेंबर २०२० मध्ये प्रतिज्ञापत्र रद्द झालं, आणि कागद ऑनलाइन जोडले असतील तर प्रत्यक्ष जाण्याची गरजही संपली. सुधारणा चांगली, पण आठ महिने उशिरा.

एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडल्यावर दुसऱ्या ठेकेदाराकडे लागलेल्यांनी एक गोष्ट तपासावी. नव्या मालकाने जुना विमा क्रमांक न विचारता नवा काढला असेल, तर जुनी वर्षं मोजली जात नाहीत आणि दोन वर्षांची अट पुरी होत नाही. दोन्ही क्रमांक जोडण्याचा अर्ज शाखेत आधी करावा, दावा मग.

अटल योजनेला दोन गुण. रक्कम वाईट नाही, दार अरुंद आहे.

कामावरून कमी करताना समोर येणाऱ्या कागदाकडे नीट पाहा. मालक दरमहा ईएसआयची वर्गणी भरतो, तेव्हा शून्य दिवस दाखवायचे तर कारण निवडावं लागतं: रजेवर, नोकरी सोडली, छाटणी, काम नाही वगैरे. ‘रजेवर’ लिहिलेला माणूस बेरोजगार ठरत नाही. स्वेच्छेने काम सोडणाऱ्याला आणि स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला अटल योजना लागू नाही, म्हणून ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा’ अशा छापील मजकुरावर सही करू नये. आणि पत्रात औद्योगिक विवाद कायद्याखालची छाटणी असं स्पष्ट असेल, तर ईएसआयचीच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे, जिचा भत्ता ९० दिवस नव्हे, २४ महिन्यांपर्यंत चालू शकतो. शाखेत अर्ज देताना आधी तिची चौकशी करावी. पत्रावर तारीख, कारण आणि शिक्का तिन्ही असल्याशिवाय विमानतळाचा पास जमा करू नये. पास दिल्यावर आवारात शिरता येत नाही, आणि कागद दुरुस्त करून घ्यायला आतल्या कार्यालयापर्यंत पोचण्याचा तोच एक रस्ता असतो.