तीनशे जुन्या क्ले चिप्स, एक टूथब्रश आणि आठ महिने

आम्ही न्यू जर्सीत राहतो. महिन्यातून एक शनिवार आमच्याकडे पोकरचा असतो, दिवाळीत त्याचा तीन पत्ती होतो. आठ महिन्यांपूर्वी मी बंद पडलेल्या एका कॅसिनोच्या तीनशे क्ले चिप्स घेतल्या, म्हणजे डाव लावताना पैशांऐवजी वापरतात त्या चकत्या, पॉलसन कंपनीच्या. विकणारा म्हणाला होता, "थोड्या वापरलेल्या." खोका उघडला तर बस-स्टँडवरच्या कठड्याला येतो तसला ओशट वास. एक डॉलरच्या पांढऱ्या चिप्स चहाच्या गाळणीच्या रंगाच्या झाल्या होत्या. शंभरच्या काळ्या त्यामानाने बऱ्या, त्या कमी हातांतून फिरतात.

धुण्याआधी एक गोष्ट. जुन्या क्ले चिप्समध्ये वजनासाठी शिसं घातलेलं असू शकतं. म्हणून हातमोजे, वेगळं घमेलं, आणि स्वयंपाकघराचं सिंक अजिबात नाही. पोरांनाही लांब ठेवलं.

कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ टूथब्रश. एवढंच. पाणी कढत घेऊ नका, चिप वाकते. पॉलसनच्या चिपवर कडेने टोपी आणि काठीचे ठसे उठवलेले असतात, सगळा मळ बसतो तो त्यांच्यात. ब्रश तिथे गोल फिरवला की करडं पाणी सुटतं, आणि मग अचानक टोपीची कड दिसते. ते बघायला मला अजूनही आवडतं. मधल्या छापील चकतीच्या कडेला मात्र जपून. तिथे पाणी शिरलं की ती उचलली जायची भीती. एका चिपला दोन-अडीच मिनिटं लागतात. रोज रात्री वीस, म्हणजे पंधरा रात्री. मालिका बघत बघत झालं.

आईने फोनवर चिंच लावून बघ म्हणून सुचवलं, पितळेसारखी लख्ख होतील. पण यात खडूसारखी खनिजं असतात, आंबटाने वरचा थर खाल्ला जाईल, म्हणून तो बेत सोडला. पांढऱ्या मॅजिक स्पंजचा मोह मात्र आवरला नाही. पाचच्या दहा लाल चिप्स त्याने घासल्या. स्वच्छ झाल्या, पण तो स्पंज म्हणजे बारीक पॉलिश पेपरच. कडा गुळगुळीत झाल्या, अंगावरची खरखर गेली. त्या दहा आता गठ्ठ्यात घसरतात, डोळे मिटूनही ओळखता येतात.

वाळल्यावर सगळ्याच चिप्स पांढुरक्या, राख फासल्यासारख्या दिसतात. तेव्हा घाबरू नका. लाकडी पोळपाटाला लावतात ते मिनरल ऑइल जुन्या बनियनच्या तुकड्यावर एक थेंब घ्यायचं, पाच-सहा चिप्स पुसायच्या, रात्रभर टॉवेलवर ठेवायच्या. रंग परत येतो. हिरव्या पंचविशीवरचा फरक तर बघण्यासारखा. पहिल्या रात्री मी तेलाचा हात सैल सोडला होता. त्या वीस चिप्स आठवडाभर एकमेकींना चिकटत होत्या आणि पत्त्यांवर डाग पाडत होत्या.

आठ महिन्यांनी रंग टिकून आहे. तेल फक्त पांढऱ्यांना एकदा परत लावलं. आवाजही तसाच, प्लास्टिकसारखा खळखळ न करता दबका टक्. पाहुण्यांचं मात्र काही करता येत नाही. परवा कोणीतरी चकलीचा हात तसाच पॉटमध्ये, म्हणजे मधल्या लावलेल्या चिप्सच्या ढिगात घातला, त्यातली एक पंचविशी आत्ता घमेल्यात भिजते आहे.