दांडिया बाजारातले बॅगवाले काका : ४ स्टार, टाइमचा १ कापला

माझ्या भाच्याला स्की माउंटेनियरिंगचं (स्की घालून बर्फाचा डोंगर चढायचा आणि घसरत उतरायचा, त्याची शर्यत) वेड लागलंय, बडोद्यात बर्फ फक्त उसाच्या रसात पण ह्याला काही फरक पडत नाही. त्याचा देव किलियन जोर्नेट, जन्म १९८७, वडील डोंगरातले गाइड, पोरगा स्पेन-फ्रान्समधल्या पिरेनीज डोंगरात जवळपास २००० मीटरवरच्या रेफ्यूजमध्ये (गिर्यारोहकांच्या मुक्कामाचं घर) वाढला आणि पुढे वर्ल्ड कप जिंकला. २०२६ च्या ऑलिंपिकमध्ये हा गेम पहिल्यांदाच आला, इटलीत बोर्मिओला, तेव्हापासून तर घरात दुसरा विषयच नाही.

असो, मुद्दा बॅगचा. सेकंडहँड रेसिंग बॅग घेतली तिचा खांद्यावरचा हुक तुटलेला, आणि ह्यात हुकच सगळं आहे कारण स्प्रिंट जेमतेम ३ मिनिटांची, मधे स्की काढून पाठीवर अडकवायच्या, बूटनी पळत चढायचं, परत स्की घालायच्या, हे सगळं बॅग न उतरवता! आधी एका मोठ्या दुकानात गेलो तर "नवी घ्या साहेब" म्हणून मोकळे.

काकांनी मात्र आधी भाच्याला बॅग घालायला लावली, काठी देऊन चार वेळा अडकवून बघायला सांगितलं, मग पट्टा दोन बोटं वर घेऊन नायलॉनच्या दोऱ्यानी डबल शिलाई मारली. १२० रुपये फक्त. "उद्या" म्हणाले आणि पाचव्या दिवशी दिली, तेवढं सोडा. दुपारी जाऊ नका, काका झोपलेले असतात.